विश्वस्ताचा हिशेब

कल्याणहून निघून माळशेजचा घाट चढणारा आणि ओतूर, आळेफाटा मागे टाकून नगरच्या दिशेने जाणारा हमरस्ता जुन्नर तालुक्यातील ज्या राजुरी गावाजवळून जातो, त्या गावाचा इतिहास केवळ त्याच्या शिवेपुरता लिहू गेल्यास तो अपुराच राहील. कारण हा सारा मुलूख प्राचीन काळापासून कोकणची बंदरे आणि घाटमाथ्यावरील पेठा यांच्यामधील दळणवळणावर जगत आला आहे. सातवाहनांच्या राजवटीत हे दळणवळण मुख्यतः नाणेघाटाने चाले. त्या घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून लोकांत प्रसिद्ध आहे, आणि तेथल्या लेण्यात राणी नागनिकेचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या वर्णनाबरोबरच दक्षिणेची मोजदादही कोरलेली आहे; गायी किती, घोडे किती, कार्षापणे किती, हे राजघराण्याने दगडावर लिहून ठेवणे आवश्यक मानले. धर्मकृत्याचाही हिशेब राहावा, तो लोकांना वाचता यावा आणि काळाला पुसता येऊ नये, ही बुद्धी या प्रदेशाला फार पूर्वी सुचली होती.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील बौद्ध लेणी या बुद्धीची आणखी स्पष्ट साक्ष देतात. तेथल्या दात्यांत स्वतःला यवन म्हणवणारे परदेशी आहेत, तसेच बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेखही आहेत. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ठेवलेल्या रकमेचा तपशील तर आजच्या एखाद्या पेढीच्या करारनाम्याइतका काटेकोर आहे: तीन हजार कार्षापणांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवावे, मुद्दल कधी मोडू नये, आणि व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा व किरकोळ खर्च भागवावा. दाता परका, ठेव घेणारे कारागीर, लाभार्थी भिक्षू, आणि या तिघांना बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ठेवीवरचा विश्वास. अर्थव्यवहाराचा पाया नाण्यात नसून विश्वासात आहे, हे तत्त्व या प्रदेशात ग्रंथात येण्याच्या पुष्कळ आधी व्यवहारात उतरले होते.

आज राजुरीच्या शेतकऱ्याने बराखीत साठवलेला कांदा आळेफाट्याच्या बाजारात जातो, तेव्हा त्याचा भाव केवळ त्या दिवशीच्या आवकेवर ठरत नाही. दिल्लीतील निर्यातीचे धोरण, ढाक्याची वा कोलंबोची मागणी, डॉलरचा दर आणि जहाजाचे भाडे हे सारे त्या गोणीत अदृश्यपणे भरलेले असते. म्हणून जगाच्या अर्थसभांत कोण बसतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि कोणत्या अधिकाराने बोलतो, हा प्रश्न राजुरीसारख्या गावाला परका नाही. मेक्सिकोचे अर्थशास्त्रज्ञ आणि राजनीतिज्ञ होसे आंखेल गुर्रिया यांचे उदाहरण या संदर्भात जगात वारंवार दिले जाते. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने परकीय कर्ज फेडण्यास असमर्थता जाहीर केल्यानंतरच्या वाटाघाटींत ज्यांनी आपल्या सरकारच्या वतीने परकीय बँकांशी बोलणी केली, त्यांपैकी ते एक होते. पुढे १९९४ ते १९९८ परराष्ट्रमंत्री, १९९८ ते २००० अर्थमंत्री, आणि २००६ पासून २०२१ पर्यंत सलग पंधरा वर्षे पॅरिसच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे महासचिव, असा त्यांचा प्रवास आहे. ऋणको देशाच्या दप्तरात तयार झालेला मनुष्य धनको देशांच्या सभेचा कारभारी होतो, यात मोठा अर्थ आहे. परंतु मराठी वाचकाने या अर्थाचा शोध घ्यायचा तर त्याला मेक्सिकोपर्यंत जाण्याचे कारण नाही. गुर्रिया यांच्या पाच दशकांहून अधिक काळ आधी कोकणातल्या एका खेड्यात जन्मलेल्या चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र त्याच्यासमोर आहे.

या चरित्राची पार्श्वभूमी म्हणून दख्खनच्या कर्जाचा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळले आणि तो दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रयतेचा रोष सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या कागदावर अधिक होता, ही त्या दंग्यातील सर्वांत बोलकी गोष्ट होय. कारण ज्या कागदाचा अर्थ आपल्याला कळत नाही आणि ज्याचा हिशेब आपल्याला दाखवला जात नाही, तोच कागद आपली जमीन घेऊन जातो, हे तिने अनुभवले होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जाच्या जाचातून सोडवण्याचा कायदा केला. याच वातावरणात पुण्यातील विचारवंतांनी अर्थशास्त्राला देशसेवेचे साधन मानले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडच्या परिस्थितीवरून काढलेले सिद्धांत हिंदुस्थानास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत असे त्यांनी प्रतिपादन केले. आणि १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनला जाऊन वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष दिली, ती आकड्यांच्या बळावर. ऋणको देशाने धनको देशाच्या राजधानीत उभे राहून हिशेब मागण्याच्या परंपरेतील ही एक ठळक पायरी होती. गोखले यांच्या साक्षीवेळी चिंतामणराव वर्षाचे होते.

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या पायथ्याजवळील नाते या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वकिली करीत आणि कुटुंब रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले; तेथे त्यांचे विषय अर्थशास्त्राचे नव्हते, वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे होते. १९१८ साली लंडनच्या सनदी सेवेच्या परीक्षेतही ते पहिले आले. पुढे ज्यांच्याकडे देशाचे चलन सोपवले गेले, त्यांच्या बुद्धीची मशागत अशा रीतीने एकीकडे पाणिनीच्या शिस्तीत आणि दुसरीकडे वनस्पतीच्या वर्गीकरणात झाली होती, आणि या दोन्ही विद्यांचा एक समान गुण असा की त्या अंदाजावर भागू देत नाहीत.

सनदी सेवेत त्यांना मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत मिळाला. तेथे त्यांनी ज्या कामांतून अनुभव घेतला, त्यांत जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते काम कसे चाले हे थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. बंदोबस्ताचा अधिकारी थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरे. पटवारी मोजणीचा नकाशा आणि खसरा घेऊन हजर होई. शेत क्रमांकाने तपासले जाई, मातीची प्रत ठरवली जाई, पाण्याची सोय, बाजाराचे अंतर, मागील वीस-तीस वर्षांतील पिकाची सरासरी पाहिली जाई. मग मालगुजार कुळाकडून किती वसूल करतो आणि सरकारात किती भरतो याचा मेळ घातला जाई. कुळांच्या तक्रारी तोंडी ऐकल्या जात आणि त्यांची नोंद होई. आकारणी जास्त झाली तर कूळ कर्जात जाई, कमी झाली तर खजिना रिता राही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे ऐकून, कोणाचेही न होता, परंतु दोघांनाही मान्य होईल असा आकडा काढणे हीच त्या अधिकाऱ्याची कसोटी असे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत जे कौशल्य लागते, त्याचे प्राथमिक शिक्षण या तंबूत मिळते, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत, जेथे महात्मा गांधी उपस्थित होते, चिंतामणराव सचिववर्गात होते. राजकारणाची मोठी सभा त्यांनी तेव्हा प्रथम आतून पाहिली. पुढे त्यांनी प्रांताच्या अर्थखात्याचे सचिवपद सांभाळले.

१९३९ च्या जुलैमध्ये ते रिझर्व्ह बँकेत संपर्काधिकारी म्हणून आले आणि दोनच महिन्यांत युरोपात युद्ध पेटले. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जेम्स टेलर निवर्तले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणरावांनी त्यांच्या जागी सूत्रे हाती घेतली. या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्या वेळी देशाच्या चलनावर जे विलक्षण संकट आले होते, त्याचे यंत्र समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटिश सरकार युद्धासाठी हिंदुस्थानात तंबू, कापड, ताग, जोडे, धान्य आणि मनुष्यबळ विकत घेत होते. व्यापाऱ्याला दाम रुपयांत मिळत. परंतु ब्रिटनने आपल्या वाट्याचे दाम लंडनमध्ये पौंडांत, रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर, जमा करावयाचे होते. कायद्याने स्टर्लिंग रोखे नोटांचे तारण म्हणून चालत. म्हणून लंडनमध्ये एक पौंड जमा झाला की त्याच्या जोरावर येथे तेरा रुपयांच्या वर नोटा निघत. माल देशाबाहेर किंवा रणांगणावर जाई, नोटा मात्र देशात राहत. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; युद्ध संपेपर्यंत त्या अकराशे कोटींच्या पलीकडे गेल्या आणि घाऊक भाव सुमारे अडीचपट झाले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्यामागे अनेक कारणे होती, आणि भाताची पायली मजुराच्या हातातील रुपयाच्या आवाक्याबाहेर जाणे हे त्यांपैकी एक होते.

या यंत्राचा दुसरा परिणाम असा झाला की, पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंडचे देणे भागवत आलेला हा देश अचानक इंग्लंडचा धनको झाला. युद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानची लंडनमधील शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांच्या घरात गेली. ही शिल्लक कोणा राजाच्या औदार्याने जमलेली नव्हती. रयतेने अर्धपोटी राहून, महागाईचा जाच सोसून ती उभी केली होती. ब्रिटनमध्ये त्या काळी असा विचार प्रकटपणे बोलला जाई की, युद्धाचा भार सर्वांनी वाटून घ्यावयाचा असल्याने या देण्यातील काही भाग कमी व्हावा. ज्याच्याकडे ठेव आहे त्यानेच ती कमी करण्याचा विचार सुरू केला, तर ठेवीदाराच्या वतीने कोणी उभे राहावयाचे, हा प्रश्न गव्हर्नर म्हणून चिंतामणरावांच्या खांद्यावर येऊन पडला.

१ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात, ब्रेटन वुड्स येथील माउंट वॉशिंग्टन हॉटेलात, ४४ राष्ट्रांची नाणेपरिषद भरली. हिंदुस्थान स्वतंत्र नव्हता, तरी त्याला वेगळे आसन होते. शिष्टमंडळाचे नेते अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन, त्यांच्याबरोबर सर थिओडोर ग्रेगरी, आणि हिंदी सदस्य तिघे: चिंतामणराव देशमुख, सर षण्मुखम् चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ. परतंत्र देशाचे आसन आणि त्यावर बसलेल्या माणसांचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकाच वेळी संभवतात, हे त्या तीन आठवड्यांत दिसले. श्रॉफ यांनी स्टर्लिंग शिल्लकेचा प्रश्न मांडला. या शिल्लकेचा काही भाग तरी बहुराष्ट्रीय व्यवस्थेतून डॉलरमध्ये वळता करता यावा, अशी मागणी होती. लॉर्ड केन्स यांनी ब्रिटनच्या वतीने हे देणे सन्मानाने फेडण्याचे आश्वासन दिले, परंतु तो विषय दोन देशांनी आपसांत मिटवावयाचा आहे असे सांगून परिषदेच्या कक्षेबाहेर ठेवला. मागणी मान्य झाली नाही. मात्र जगाच्या सभेत, कागदोपत्री, हिंदुस्थान धनको आहे हे नोंदले गेले, आणि पुढील वाटाघाटींत ही नोंद निरुपयोगी ठरली नाही.

दुसरा प्रश्न उद्दिष्टांचा होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अप्रगत देशांच्या साधनसामग्रीच्या विकासाला साह्य करावे, असे शब्द सनदेत यावेत यासाठी हिंदी प्रतिनिधींनी आग्रह धरला. श्रीमंत राष्ट्रांना हा आग्रह पटला नाही. तरीही नाणेनिधीच्या उद्दिष्टांत सर्व सदस्यांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला. याच सुमारास मेक्सिकोचे प्रतिनिधी जागतिक बँकेच्या सनदेसाठी तसाच झगडा देत होते. मेक्सिकोचे अर्थमंत्री एदुआर्दो सुआरेस परिषदेच्या तिसऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या शिष्टमंडळात विक्तोर उर्किदी नावाचा पंचविशीचा तरुण अर्थशास्त्रज्ञ होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपच्या पुनर्रचनेसाठी बँक उभी राहत असताना विकासासाठी तहानलेल्या देशांनी केवळ रांगेच्या शेवटी उभे राहू नये, या भूमिकेतून त्यांनी बाजू मांडली; आणि सनदेत विकासाच्या व पुनर्रचनेच्या प्रकल्पांचा सारखाच न्याय्य विचार व्हावा असे कलम आले. पृथ्वीच्या दोन टोकांच्या दोन देशांनी, एकमेकांशी भाषेचा वा इतिहासाचा संबंध नसता, एकाच सभेत एकच गाऱ्हाणे मांडावे, यात योगायोग नाही. ज्याची जमीन आहे पण पाणी नाही, ज्याच्याकडे हात आहेत पण अवजारे नाहीत, त्याचे गाऱ्हाणे सर्वत्र सारखेच असते.

तिसरा प्रश्न वाट्याचा. नाणेनिधीत प्रत्येक राष्ट्राचा वाटा त्याच्या मतांची संख्या ठरवणार होता. वाटाघाटींनंतर अमेरिकेचा २७५ कोटी डॉलर, ब्रिटनचा १३०, सोव्हिएत संघाचा १२०, चीनचा ५५, फ्रान्सचा ४५ आणि हिंदुस्थानचा ४० कोटी डॉलर असा क्रम ठरला. मेक्सिकोचा वाटा ९ कोटी डॉलरचा होता. सर्वांत मोठे पाच वाटे असलेल्या राष्ट्रांना कार्यकारी मंडळावर स्वतंत्र संचालक नेमण्याचा अधिकार होता आणि हिंदुस्थान सहावा होता. परंतु सोव्हिएत संघाने पुढे सनदेवर मान्यतेची मोहोर उठवलीच नाही, त्यामुळे हिंदुस्थान पाचव्या स्थानी आला आणि ती जागा त्याला मिळाली. दैवाने साथ दिली असे कोणी म्हणेल. पण सहाव्या स्थानापर्यंत जाण्याचे काम दैवाने केले नव्हते.

मायदेशी परतल्यावर चिंतामणरावांपुढे याहून कठीण विश्वस्तपण आले. फाळणीनंतर काही काळ रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही राष्ट्रांची मध्यवर्ती बँक होती. ३० जून १९४८ पर्यंत एकाच दप्तराने दोन देशांचे चलन सांभाळले, तेही अशा काळात जेव्हा काश्मीरमध्ये रणकंदन चालू होते. रोख शिलकीतील पाकिस्तानच्या वाट्याच्या ७५ कोटींपैकी २० कोटी पूर्वीच दिले होते. उरलेले ५५ कोटी देण्याचा निर्णय भारत सरकारने जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी घेतला. लंडनमधील शिल्लकेविषयी ब्रिटनशी १९४७ आणि १९४८ मध्ये करार झाले. युद्धसाहित्याच्या आणि निवृत्तिवेतनाच्या रकमा तीतून वळत्या झाल्या, काही रक्कम खुली झाली, बाकी क्रमाक्रमाने सुटत गेली, आणि मुद्दल नाकारण्याचा विचार मागे पडला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हा तिच्या दोन अवस्थांमधला दुवा म्हणून हेच गृहस्थ गव्हर्नरपदावर होते.

गव्हर्नरपदावरून निवृत्त झाल्यावर १९४९ च्या सप्टेंबरात पंडित नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमले. त्याच वर्षी जागतिक बँकेने भारताला पहिले कर्ज दिले, ते रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलरचे. आणि त्यामागोमाग १ कोटी डॉलरचे दुसरे, शेतीच्या यंत्रसामग्रीसाठी. या दुसऱ्या कर्जाची हकीकत राजुरीच्या शेतकऱ्याला विशेष कळेल. मध्य भारतातील काळ्या जमिनीत कांस नावाचे गवत इतके खोल मुळावते की बैलाच्या नांगराला ते हटवता येत नाही. एकदा ते माजले की शेते पडीक पडतात आणि कुळे गाव सोडून जातात. जड ट्रॅक्टरने उन्हाळ्यात खोल नांगरट केली तरच मुळे उन्हात सुकतात; हे कर्ज त्यासाठीच होते. ब्रेटन वुड्सच्या हॉटेलात सनदेतल्या एका शब्दासाठी जो आग्रह झाला होता, त्याचे प्रत्यक्ष रूप पाच वर्षांनी या नांगराच्या फाळात पाहावयास मिळाले. आणि तरुणपणी त्याच प्रदेशाशेजारी मातीची प्रत ठरवत फिरलेल्या अधिकाऱ्याला त्या फाळाचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९५० च्या जूनमध्ये ते भारताचे अर्थमंत्री झाले, आणि त्याच वर्षी पॅरिस येथे नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. सहा वर्षांपूर्वी परतंत्र देशाच्या आसनावर बसलेला मनुष्य आता त्या सभेच्या अग्रस्थानी होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेची आर्थिक बाजू, १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक होणे आणि खेड्यांपर्यंत बँकेची शाखा पोहोचवण्याचे धोरण ही त्यांच्या कारकिर्दीतील मोठी कामे होत. १९५२ मध्ये ते आपल्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातूनच लोकसभेवर निवडून आले होते.

तथापि त्यांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा पॅरिसमध्ये झाली नाही, ती मुंबईच्या प्रश्नावर झाली. १९५६ च्या जानेवारीत मुंबई शहर केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यानंतर उसळलेल्या चळवळीवर गोळीबार होऊन अनेक माणसे मृत्यू पावली. मंत्रिमंडळात पुरेसा विचार न होता एवढा निर्णय घोषित व्हावा, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली जावी, हे त्यांना मान्य झाले नाही; जुलैमध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांच्या या त्यागाकडे केवळ मराठी अभिमानाचे प्रकटीकरण म्हणून पाहणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ज्यांच्या नावाने आपण सत्ता चालवतो, त्यांना आपल्या निर्णयाचा हिशेब दिला पाहिजे, आणि ज्यांचे प्राण गेले त्यांच्याविषयीचा हिशेब तर सर्वांत आधी दिला पाहिजे, ही विश्वस्ताची निष्ठा त्यामागे होती. लंडनकडून पौंडांचा हिशेब मागणाऱ्याने दिल्लीकडून रक्ताचा हिशेब मागितला. दोन्ही ठिकाणी त्यांचे तत्त्व एकच होते.

त्यानंतरचे त्यांचे कार्य थोडक्यात सांगता येईल, कारण ते सर्वश्रुत आहे. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील उमेदवारी, १९७५ चे पद्मविभूषण. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांनाही त्याच वर्षी तो सन्मान मिळाला. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत समश्लोकी अनुवाद केला आणि संस्कृतात स्वतःची काव्यरचनाही केली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचा अंत झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्येच मेक्सिकोचे कर्जसंकट जगापुढे आले होते, आणि ज्या नाणेनिधीच्या जन्मवेळी हे दोन्ही देश हजर होते, त्याच नाणेनिधीच्या दारी त्या देशाला जावे लागले होते.

या चरित्रातून मी जो निष्कर्ष काढतो, तो असा की, आंतरराष्ट्रीय नेतृत्व ही परदेशी शिक्षणाने वा इंग्रजी वक्तृत्वाने येणारी गोष्ट नाही. तिचे मूळ घरातल्या हिशेबात असते. गुर्रिया यांना जगाने ऐकले, कारण आपल्या देशाच्या कर्जाचा एकेक तुकडा त्यांनी स्वतः वाटाघाटीला बसून मोजला होता. आणि चिंतामणरावांना ऐकले, कारण खसऱ्यातील शेतापासून लंडनच्या शिलकीपर्यंत प्रत्येक आकड्यामागे कोणता मनुष्य उभा आहे, हे त्यांना ठाऊक होते. दुर्बल देशाच्या प्रतिनिधीजवळ सैन्य नसते आणि धाक नसतो. त्याच्याजवळ एकच सामर्थ्य असू शकते, आणि ते म्हणजे त्याचा आकडा खोटा ठरत नाही ही त्याची ख्याती. हे सामर्थ्य परक्या देशात कमावता येत नाही. ते गावच्या चावडीत, जिल्ह्याच्या दप्तरात, प्रांताच्या खजिन्यात, वर्षानुवर्षे कोणी पाहत नसताना कमवावे लागते.

म्हणून राजुरीच्या आणि तिच्यासारख्या गावांच्या तरुणांनी हा इतिहास वाचावा असे मला मनापासून वाटते, आणि तो केवळ स्पर्धापरीक्षेच्या प्रश्नासाठी नव्हे. गावातील विविध कार्यकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते, दूध संस्थेचा ताळेबंद वाचला जातो, पतसंस्थेच्या ठेवींचे आकडे फलकावर लागतात, तेव्हा ते लक्ष देऊन ऐकणे, न समजलेला आकडा विचारणे आणि समजलेला आकडा शेजाऱ्याला समजावणे, हीच त्या मोठ्या सभेची पहिली पायरी आहे. १८७५ च्या रयतेने न कळणारा कागद जाळला. त्यानंतरच्या पिढ्यांनी तो वाचावयास शिकून घेतला, आणि त्यांपैकी एकाने तो जगाच्या सभेत वाचून दाखवला. आज कांद्याच्या भावाविषयी, कर्जाच्या अटींविषयी आणि निर्यातीच्या धोरणाविषयी जे निर्णय दूरच्या सभांत होतात, तेथे आपल्या वतीने बोलणारी माणसे याच तालुक्यांतून निघावयाची असतील, तर त्यांची तयारी आपल्या संस्थांच्या वहीखात्यातच व्हावी लागेल. आणि त्या वहीत एकही आकडा असा नसावा, की जो गावापुढे मोठ्याने वाचण्यास सचिवाला संकोच वाटेल.